दोन क्रेडिटमधून ऑनर्सकडे

धाराशिव जिल्ह्यातल्या महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलामुलींच्या गुणपत्रिकेत मेजर आणि मायनर विषयांच्या खाली एक छोटी ओळ असते: फील्ड प्रोजेक्ट, क्रेडिट २. कधी तिच्या जागी कम्युनिटी एंगेजमेंट असते, पुढच्या एखाद्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग. घरच्यांची नजर मोठ्या विषयांच्या गुणांवर जाते आणि विद्यार्थीही या ओळीला ‘सबमिशनचं काम’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पदवी घेऊन तीन वर्षांत बाहेर पडायचे की चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायची, याचा विचार मात्र तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू होतो. माझ्या मते तोवर बराच उशीर झालेला असतो. ऑनर्स म्हणजे एखाद्या प्रश्नाच्या मागे स्वतःच्या पायांनी जाणे, आणि ते शिकण्याची जागा ही दोन क्रेडिटची ओळच आहे. ती जागा कशी वापरायची, ते सावकाश पाहू.

आधी चौकट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पदवी अभ्यासक्रमाचा नवा क्रेडिट आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला आणि महाराष्ट्र शासनाने तो राबवण्यासाठी २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठांचे विभाग यांच्यापासून सुरुवात झाली. मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांचे पहिले वर्ष त्यात आले. धाराशिवची बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. शहरातली रामकृष्ण परमहंस आणि तेरणा महाविद्यालये, उमरग्याचे श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय, तुळजापूरचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय ही त्यातली ओळखीची नावे. याच विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिव शहरात आहे, त्याकडे आपण शेवटी परत येऊ.

या आराखड्यात दर सत्राला २० ते २२ क्रेडिट मिळवायची असतात. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ क्रेडिट झाली की ठरलेल्या अटी पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येते, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ वर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ वर पदवी. चौथे वर्ष पूर्ण करून १६० ते १७६ क्रेडिट झाली की पदवीला ऑनर्स जोडले जाते. चौथ्या वर्षात दोन फाटे आहेत. साध्या ऑनर्समध्ये मेजर विषयाचा वरच्या पातळीचा अभ्यास असतो. ‘ऑनर्स विथ रिसर्च’मध्ये विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन प्रकल्प करतो. यूजीसीच्या आराखड्यात त्या प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत आणि तिथे प्रवेशासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे.

आता क्रेडिट म्हणजे किती काम, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास, एकूण १५ तास. क्षेत्रकार्य, प्रकल्प, इंटर्नशिप, समाजसहभाग यांचे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, एकूण ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट हे ६० तासांचे काम झाले. चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग १२० तासांचे, आणि चौथ्या वर्षाचा १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प ३६० तासांचा. ज्याने आधीचे ६० तास कधी खरोखर भरले नाहीत, त्याच्यासमोर एकदम ३६० तास उभे राहतात.

स्वतंत्र कामाच्या बळावर ऑनर्स मिळवण्याची पद्धत जगात जुनी आहे. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक आयडेलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांनी १९२२ मध्ये तिथे ऑनर्सची पद्धत सुरू केली. तयारीच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या वर्गांतून मोकळे करायचे, छोट्या गटात प्रत्येकाने स्वतः लिहून आणलेल्या निबंधावर चर्चा करायची आणि परीक्षा बाहेरच्या परीक्षकांकडून घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. पण असे वेगळे गट चालवायला शिक्षक आणि पैसा लागतो. म्हणून तिथल्या अनेक विद्यापीठांत पुढे एक सोपी वाट रुळली. वर्ग नेहमीचाच राहतो. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थी आणि विषयाचे शिक्षक बसून एका कागदावर करार लिहितात: या विषयातला कोणता प्रश्न मी खोलात जाऊन पाहणार, त्यासाठी काय वाचणार, काय मोजणार, शिक्षकांना कधी कधी भेटणार, शेवटी काय सादर करणार. ऑनर्स विभाग त्यावर सही करतो. काम ठरल्याप्रमाणे झाले आणि विषयात पुरेसे चांगले गुण मिळाले, की गुणपत्रिकेवर तोच विषय ऑनर्सचा म्हणून नोंदला जातो. क्रेडिट वाढत नाहीत. विषयाची तीन क्रेडिट असतील तर तीनच राहतात, त्यांचा दर्जा बदलतो.

आपल्याकडे अशा कराराची अधिकृत सोय नाही. गणित, रसायनशास्त्र किंवा मराठीचा नेहमीचा पेपर वैयक्तिक प्रकल्पाने ‘ऑनर्स’ होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र त्या कराराचा जो गाभा आहे, एक विद्यार्थी, एक शिक्षक, एक प्रश्न आणि आधी ठरलेले काम, त्याला आपल्या आराखड्यात पुरेशी जागा आहे. विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात ती थोडी आहे, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागात बरीच आहे. कोणत्या सत्रात काय येते ते विद्यापीठाच्या आणि विषयाच्या आराखड्यावर ठरते, म्हणून ते महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातून आधीच माहीत करून घ्यावे.

एक उदाहरण घेऊन चालू. भूम आणि वाशी भागातल्या खवाभट्ट्या आणि सरमकुंडी फाट्यावरची पेढ्याची दुकाने जिल्ह्यात कुणाला सांगायला नकोत. कुंथलगिरीच्या नावाने हा खवा दूरवर जातो. समजा, एका महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षाच्या साठ जणांना ‘खवा व्यवसायाचा अभ्यास’ असा एकच विषय दिला. आज बहुतेक ठिकाणी याचे काय होते? एका दिवशी बस ठरते, सगळे एका भट्टीवर जातात, मालक पंधरा मिनिटे बोलतो, समूहाचा फोटो निघतो. मग एकाने लिहिलेला अहवाल थोडाफार बदलून सगळ्यांचा होतो आणि झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बायंडिंग करून साठ प्रती टेबलावर येतात. यात मुलांचा दोष मी कमी मानतो. त्यांना प्रश्नच दिलेला नसतो, विषय दिलेला असतो. ‘खवा व्यवसाय’ हा विषय झाला आणि त्यावर कुठूनही चार पाने उतरवता येतात. प्रश्नाचे तसे होत नाही, कारण त्याचे उत्तर भट्टीवर जाऊन मोजल्याशिवाय मिळत नाही.

तोच खवा आता वेगवेगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांकडे देऊन पाहा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला पुस्तकात सापडते की म्हशीच्या १०० किलो दुधातून साधारण २१ ते २३ किलो खवा पडतो आणि गायीच्या दुधातून १७ ते १९ किलो. तिचा प्रश्न: माझ्या गावाजवळच्या भट्टीवर हा उतारा खरोखर किती, आणि तो सकाळच्या व संध्याकाळच्या दुधात बदलतो का? तिला वजनकाटा, दुधाच्या फॅटची नोंद आणि सहा-सात घाण्यांचे मोजमाप लागेल. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे खव्यातल्या एकूण घन भागात दुधाचे स्निग्धांश किमान ३० टक्के असावे लागतात, ते तिला प्रयोगशाळेत तपासता येईल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याच भट्टीचा महिन्याचा ताळेबंद मांडेल: दुधाचा दर, सरपणाचा खर्च, मजुरी, खव्याचा रोजचा भाव, आणि लग्नसराईत तो किती वर-खाली होतो. वाणिज्यवाला विचारेल, दूध घालणाऱ्याला पैसे किती दिवसांनी मिळतात, उचल दिली जाते का, आणि उचल घेतलेल्याला दर कमी मिळतो का. भूगोलाची विद्यार्थिनी तालुक्यातल्या भट्ट्या नकाशावर टिपेल आणि त्या रस्त्यालगतच का दाटल्या आहेत ते तपासेल. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी एक किलो खव्यामागे किती किलो लाकूड जळते ते तोलून काढेल. मराठीची विद्यार्थिनी कढईपाशी बसून दूध आटण्याच्या एकेका टप्प्याला आचारी काय म्हणतो ते शब्द उतरवून घेईल. हे शब्द तिला कुठल्याही कोशात एकत्र मिळणार नाहीत, त्यामुळे तिचे काम विद्यापीठातल्या संशोधकालाही उपयोगी पडू शकते.

बस तीच, भट्टी तीच, मालकाचा वेळही फारसा जास्त जात नाही. पण आता कुणाला कुणाचा अहवाल उतरवता येत नाही. एका शिक्षकाकडे साठ-सत्तर विद्यार्थी असतात, प्रत्येकाला वैयक्तिक प्रकल्प कसा देणार, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. त्यावरचा व्यवहारी तोडगा हाच आहे: क्षेत्र सर्वांना एक, प्रश्न प्रत्येकाला वेगळा. एका विषयाच्या पंचवीस जणांतही हे जमते. पाच भट्ट्या, पाच प्रश्न, म्हणजे पंचवीस वेगळी कामे झाली, आणि पाच जणांची आकडेवारी शेजारी ठेवली की प्रत्येकाला तुलना करायला काहीतरी मिळते.

प्रश्न निवडताना एक कसोटी लावावी. साठ तासांत, एसटीने जाऊन, हाताशी असलेल्या साधनांनी याचे उत्तर काढता येईल का? ‘धाराशिव जिल्ह्यातील दुष्काळाची कारणे’ हा साठ तासांचा प्रश्न नाही. ‘आमच्या गावातल्या दहा विहिरींची पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी किती उतरते’ हा आहे. त्याला दगड बांधलेली दोरी आणि टेप पुरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास मोजते. त्या नोंदींशी आपले आकडे ताडून पाहता येतात, आणि सरकारी नोंदीत दोन मोजण्यांच्या मधले जे महिने रिकामे राहतात ते गावातला विद्यार्थी भरून काढू शकतो. खेड्यातून येणाऱ्या मुलांना शहरातल्या मुलांपुढे आपण मागे आहोत असे वाटत राहते. या कामात ती पुढे आहेत. पुण्यातल्या विद्यार्थ्याला ज्या विहिरीपर्यंत पोचायला ओळखी काढाव्या लागतील, ती यांच्या बांधावर आहे.

काही प्रश्न मात्र जपून घ्यावेत. तेर हे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात नोंदलेले व्यापारी गाव. तिथले रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय इतिहासाच्या विद्यार्थ्याला खुणावणारच. संग्रहातल्या एका प्रकारच्या वस्तूंचे, समजा मण्यांचे किंवा भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे, वर्णन आणि वर्गीकरण परवानगी घेऊन करणे हा चांगला प्रकल्प आहे. पण शेतात सापडलेली वस्तू उचलून आणणे किंवा कुणाकडून विकत घेणे टाळावे, पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. आणि लोहारा-उमरगा भागातल्या, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसलेल्या गावांत जाणाऱ्यांनी तर आणखी जपावे. दोन क्रेडिटसाठी एखाद्या आजीला ती पहाट पुन्हा सांगायला लावू नये. त्या गावांत विचारण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे: मिळालेल्या घराला लोकांनी नंतर काय काय जोडले, ओसरी कुठे काढली, जनावरे कुठे बांधली, आखलेल्या रस्त्यांपैकी प्रत्यक्ष वापरात कोणते. त्यासाठी टेप, कागद आणि घरमालकाची परवानगी पुरे होते. कुणी आपणहून जुने सांगू लागले तर ऐकून घ्यावे, आणि लिहू का असे विचारून मगच लिहावे.

प्रश्न ठरला की करार लिहायचा. महाविद्यालय छापील नमुना देत नसेल तर साध्या फुलस्केपवर लिहावा, एका पानात बसतो. वर प्रश्न, एका वाक्यात. त्याखाली तो या सत्रातल्या कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकाशी जोडला आहे ते. ही ओळ फार महत्त्वाची, कारण वर्गात शिकलेले आणि बाहेर मोजलेले इथे एकमेकांना भेटतात. मग साठ तासांची वाटणी. माझा अंदाज असा: वाचन आणि तयारीला दहा, प्रत्यक्ष क्षेत्रात तीस, आकडे मांडून त्यांचा अर्थ लावायला दहा, लेखनाला दहा. एसटीत गेलेला वेळ यात धरू नये. मग शिक्षकांना भेटण्याच्या तारखा, किमान तीन: काम सुरू होताना, निम्मे झाल्यावर, लेखनाच्या आधी. शेवटी काय सादर होणार, किती पानांचे, त्यासोबत तक्ते, नकाशा, ध्वनिमुद्रण यांपैकी काय. खाली दोन सह्या. हा कागद विद्यार्थ्याला जेवढा बांधतो तेवढाच शिक्षकालाही, आणि नंतर ‘मला असे नको होते’ म्हणायला जागा उरत नाही.

तारखा ठरवताना गावाचे वेळापत्रक समोर हवे. पहिले सत्र जून-जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत चालते, आणि सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. शेतकरी घरातला विद्यार्थी त्या दिवसांत रानात असतो. क्षेत्रकाम ऑगस्टमध्ये उरकले तर ऑक्टोबरमध्ये फक्त लेखन उरते. तुळजापुरात शारदीय नवरात्रात भाविकांची गर्दी उसळते. गर्दीवर, बाजारावर किंवा कचऱ्यावर काम करायचे असेल तर तेच दिवस गाठायला हवेत, बाकी कामे त्या दिवसांत ठेवूच नयेत.

नोंदवही हा या सगळ्याचा कणा आहे. अहवाल नंतर लिहिता येतो, त्या दिवशीची नोंद नंतर लिहिता येत नाही. प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, ठिकाण, कुणाशी बोललो, काय मोजले, काय मोजता आले नाही आणि का. खाडाखोड झाली तरी तशीच राहू द्यावी, पान फाडू नये. मालकाने दर सांगायला नकार दिला, काटा बंद होता, पावसाने भट्टी पेटलीच नाही, हेही लिहावे. शिक्षकांना खरे काम आणि जुळवलेले काम यांतला फरक या पानांवर लगेच दिसतो. आता मोबाईलवर क्षणात सुबक अहवाल तयार करून देणारी साधने आली आहेत, त्यामुळे अहवालाच्या भाषेवरून काहीच ठरवता येत नाही. भट्टीवरच्या धुराचा वास लागलेली वही मात्र तशी तयार होत नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात ही शिस्त जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापुरात १९८६ पासून आहे. क्षेत्रकार्य, त्याची लेखी नोंद आणि त्या नोंदीवर शिक्षकाशी समोरासमोर बसून चर्चा, हे तिन्ही मिळून एक काम समजण्याची रीत या शाखेत पहिल्यापासून आहे. आपल्याच जिल्ह्यात हे चाललेले असताना इतर महाविद्यालयांच्या शिक्षकांनी एकदा तिथे जाऊन ही पद्धत पाहून यावी, असे मला मनापासून वाटते.

मूल्यमापनात बहुतेक ठिकाणी दोन क्रेडिट म्हणजे ५० गुण. त्यांची फोड विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे होते, पण विभागाला जिथे मोकळीक आहे तिथे शेवटच्या अहवालाला कमी आणि वाटेवरच्या कामाला जास्त वजन द्यावे. तोंडी परीक्षेत ‘निष्कर्ष सांगा’ याऐवजी ‘तुझा कोणता आकडा तुलाच पटत नाही?’ असे विचारून पाहावे. ज्याने स्वतः तोलले आहे तो दोन मिनिटे बोलतो, दुसऱ्याचे उतरवलेल्याला प्रश्नच कळत नाही. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले म्हणून गुण कापू नयेत. उतारा २२ किलोऐवजी १९ किलो आला तर दुधात पाणी होते, की म्हशीच्या नावाखाली गायीचे दूध मिसळले होते, की काटा चुकला, हे शोधणे हीच पुढच्या प्रकल्पाची सुरुवात असते.

आणि ती तशी करावीही. समजा, फील्ड प्रोजेक्टमध्ये उतारा मोजला. समाजसहभागाच्या दोन क्रेडिटमध्ये दूध घालणाऱ्या महिलांच्या बचतगटाबरोबर फॅट आणि दर यांचा हिशेब वाचायला शिकण्याची चार सत्रे घेता येतात. तिसऱ्या वर्षाचे ऑन जॉब ट्रेनिंग दूध संकलन केंद्रात किंवा अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मागता येते, १२० तासांचे. हे एका धाग्यात ओवले गेले तर चौथ्या वर्षाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थिनीकडे एक प्रश्न, दोन वर्षांच्या नोंदी आणि त्यातल्या उणिवांची जाणीव आधीच असते. सुटे सुटे केले तर तीन फायली होतात आणि तिन्ही रद्दीत जातात.

मिळवलेली क्रेडिट कुठे जातात, तेही माहीत हवे. २०२१ च्या नियमांनी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याचे तिथे १२ अंकी ओळख क्रमांकाचे खाते असते, डिजिलॉकरमधून ते पाहता येते. महाविद्यालयाने निकाल भरला की क्रेडिट तिथे जमा होतात. साधारणपणे सात वर्षांपर्यंत ती वापरता येतात आणि दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेतला तर सोबत नेता येतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार कार्ड आणि महाविद्यालयाची नोंद यांत फरक असेल तर खाते जुळत नाही, म्हणून ती दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी. खात्यात फक्त क्रेडिट आणि श्रेणी दिसते, प्रकल्प काय होता ते दिसत नाही. त्यामुळे करारपत्र, नोंदवही आणि शिक्षकांच्या शेऱ्यासह अहवाल स्वतःजवळ सांभाळून ठेवावा लागतो. पुढे मुलाखतीत कामाला येतात ती हीच कागदपत्रे.

अभियांत्रिकीची गोष्ट थोडी वेगळी. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक.ला १६० क्रेडिट आणि ऑनर्ससाठी त्यावर आणखी २० ठेवली, तीही स्वयम्‌सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतील अशी सोय केली. म्हणजे तिथे ऑनर्स हे जादा क्रेडिटचे असते, चौथ्या वर्षाचे नसते. कला-विज्ञान-वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाही स्वयम्‌वरचे अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केलेल्या मर्यादेत घेता येतात. संशोधनपद्धती किंवा संख्याशास्त्राचा एखादा पाठ प्रकल्पाच्या आधी केला तर सरावही होतो आणि क्रेडिटही मिळते. तो ऑनलाइन पाठ क्षेत्रकामाची जागा मात्र घेऊ शकत नाही.

आता चौथ्या वर्षाकडे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी तिसरे वर्ष २०२६-२७ मध्ये करते, म्हणजे तिचे ऑनर्सचे वर्ष २०२७-२८. ऑनर्स विथ रिसर्च चालवायला विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले कायम प्राध्यापक लागतात, शिवाय ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची पुरेशी सोय. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक विभागात हे असणार नाही. मग विद्यार्थ्याला जिथे सोय आहे तिथे जावे लागेल: दुसरे महाविद्यालय, विद्यापीठाचे धाराशिव उपकेंद्र किंवा थेट छत्रपती संभाजीनगर. मुलींच्या बाबतीत गाव सोडायचा हा टप्पा घरात किती बोलणी करायला लावतो, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून उपकेंद्रात आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत हे वर्ष उभे राहणे जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून असलेल्या या जिल्ह्याने त्यासाठी आग्रह धरायला हवा.

या वर्षाचा लाभ काय? चार वर्षांची पदवी असेल तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात करता येते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येते. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट आहे. ज्याला लगेच नोकरी हवी आहे त्याने तीन वर्षांवर थांबण्यात कमीपणा मानू नये, त्याचे दोन-दोन क्रेडिटचे काम तसेही त्याच्याजवळ राहते.

तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरण्याआधी विद्यार्थी आणि पालकांनी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आमच्या विषयाचे चौथे वर्ष इथे सुरू होणार आहे का, आणि त्याची मान्यता कुठपर्यंत आली आहे? रिसर्चच्या फाट्याला किती जागा आणि मार्गदर्शक कोण? आणि या वर्षीचा प्रकल्प चौथ्या वर्षाच्या विषयाशी जोडायचा असेल तर त्याच मार्गदर्शकांकडे आत्ताच नाव देता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला कार्यालयात उत्तर मिळणार नाही. त्यासाठी विभागात जाऊन सरांना किंवा मॅडमना भेटावे लागते, आणि जाताना लिहिलेला प्रश्न सोबत न्यावा लागतो.